गुलमेख : घडीव लोखंडाची जडणी आणि तिची परिभाषा

घडीव लोखंडाची वस्तू दारास अथवा भिंतीस जडवावयाची झाल्यास कारागिराला दोन प्रकारच्या लोखंडाचा विचार करावा लागतो. एक, जे दिसावे म्हणून घडविलेले असते. आणि दुसरे, जे पहिल्याला धरून ठेवते. या दुसऱ्याचे काय करावयाचे, ते लपवावयाचे की नटवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता लोहाराच्या व सुताराच्या कक्षेतील आहे. तथापि त्याची उत्तरे भाषेतही साठून राहिली आहेत, आणि म्हणून तो भाषाभ्यासकाच्या कक्षेतही येतो.

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून याचे अधिकृत नाव अहिल्यानगर असे आहे) जुन्या वाड्याचे एखादे थोरले दार घ्यावे. त्याच्या फळ्यांत खिळे असतात, फळ्यांवर गुलमेखा असतात, चौकटीशी ते बिजागऱ्यांनी जोडलेले असते, आतून आगळ असते, बाहेरून कडीला कुलूप असते. आणि अलीकडे कधीतरी दुरुस्ती झाली असल्यास दोन-चार स्क्रूही असतात. यांपैकी ‘खिळा’ व ‘आगळ’ संस्कृतातून प्राकृताच्या वाटेने आले. ‘गुलमेख’ फारसी, ‘कुलूप’ मुळात अरबी, ‘बिजागरी’ पोर्तुगीज, ‘स्क्रू’ इंग्रजी. एका दारावर इतके भाषिक थर क्वचितच एकत्र सापडतील. त्यांतही या लेखाचा विषय मुख्यतः एकच आहे : गुलमेख, म्हणजे ज्याचे डोके फुलाच्या वा घुमटीच्या आकाराचे आहे असा खिळा.

गुलमेखेकडे केवळ अलंकार म्हणून पाहिले जाते. ही समजूत अपुरी आहे. मोठ्या दाराचे कवाड एकसंध लाकडाचे नसते. उभ्या फळ्या शेजारी शेजारी मांडून त्यांच्या पाठीला आडव्या पट्ट्या दिलेल्या असतात, आणि खिळा पुढून ठोकून फळी व पट्टी या दोहोंतून पार काढतात. मागे निघालेले टोक हातोड्याने वाकवून लाकडात पुन्हा बसवितात. असा दुमडलेला खिळा सुटत नाही. तो काढावयाचा म्हणजे मोडावाच लागतो. परंतु त्याचे पुढचे डोके लहान असेल तर पावसाळ्यात फुगणारे व उन्हाळ्यात आकसणारे लाकूड हळूहळू ते डोके आत ओढून घेते, आणि जोड सैल होतो. डोके रुंद असेल, अथवा डोक्याखाली पत्र्याची चकती असेल, तर तोच ताण अधिक लाकडावर पसरतो. गुलमेखेचे फूल हे काम करते. आज लोखंडी बोल्टाखाली ‘वायसर’ घालतात त्यामागील कारण आणि गुलमेखेच्या पाकळ्या पसरट असण्याचे कारण एकच आहे. घुमटाकार डोक्याचा आणखी एक लाभ असा, की त्यावर पाणी थांबत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट गुलमेखांच्या मांडणीत आहे. दारावर त्या समांतर रांगांनी बसविलेल्या दिसतात, आणि पाहणाऱ्यास ही नक्षी वाटते. वस्तुतः जेथे मागे आडपट्टी आहे तेथेच पुढे रांग असते, कारण खिळा धरावयास मागे लाकूड हवे. म्हणजे दाराच्या तोंडावरील नक्षी ही दाराच्या पाठीची खूण होय. जाणकार सुतार पुढून पाहूनच मागे किती पट्ट्या आहेत हे सांगू शकतो. रूप व कार्य यांचे असे नाते व्याकरणाच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

भुईकोट किल्ल्यांच्या व मोठ्या वाड्यांच्या दरवाजांवरील अणकुचीदार खिळ्यांशी मात्र गुलमेखेची गल्लत करू नये. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक कवाडावर सुमारे बारा इंच लांबीचे बहात्तर खिळे नऊ-आठच्या ओळींत बसविलेले आहेत. ते हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर आहेत, कारण हत्तीने धडक देऊन दार फोडू नये हा त्यांचा हेतू. ते काही जोडीत नाहीत, ते अडवितात. गुलमेख जोडते आणि शोभते.

आता शब्दाकडे वळू. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मेख’ म्हणजे खिळा अथवा खुंटा. हा सामासिक शब्द फारसीतच घडला व सिद्ध रूपातच मराठीत आला. त्याच्या स्वरात एक लहानसा पुरावा दडलेला आहे. आजच्या इराणी फारसीत हा शब्द ‘मीख’ असा उच्चारला जातो. जुन्या फारसीत दीर्घ ‘ए’ व दीर्घ ‘ई’ हे दोन निराळे स्वर होते. इराणात पुढे त्यांचा ‘ई’ मध्ये लोप झाला, पण हिंदुस्थानात आलेल्या फारसीने ते वेगळे राखले. मराठी ‘मेख’ मधील ‘ए’ हा त्या जुन्या उच्चाराचा अवशेष होय. वाड्याच्या दारावरील लोखंड गंजले, परंतु शब्दातील स्वर मात्र अद्याप शाबूत आहे. (इराणात प्राचीन कीलाक्षर लिपीलाही ‘मीखी’ म्हणजे खिळ्याची लिपी असेच म्हणतात. मराठीतील ‘कीलाक्षर’ आणि फारसीतील ‘मीखी’ हे शब्द दोन वेगळ्या धातूंचे असले, तरी कल्पना एकच.)

हा शब्द येथे रुजण्यास अनुकूल परिस्थिती होती. १४९० च्या सुमारास स्वतंत्र झालेल्या व १६३६ पर्यंत टिकलेल्या निजामशाहीच्या राजधानीत फारसी ही दरबाराचीच नव्हे, तर कारखान्याचीही भाषा होती. विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूख-इ-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. तिचा धातू लोखंड नव्हे, मिश्रधातू आहे. पण धातुकामातील मंडळी कोठकोठून या नगरात येत होती हे तिच्या कर्त्याच्या नावातील ‘रूमी’ या शब्दावरूनच कळते. कारागिराबरोबर त्याच्या हत्यारांची आणि घडणीची नावे येतात, आणि कारागीर गेला तरी नावे मागे राहतात. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा प्रयत्न केला. तरीही मेख मेखच राहिली. शासनाला शब्द बदलून लिहिता येतात. ऐरणीजवळ ते बदलणे अवघड असते.

‘खिळा’ या शब्दाचा इतिहास निराळा आहे. संस्कृतात ‘कील’ आणि ‘खील’ अशी दोन्ही रूपे मिळतात. मराठीतील ‘खीळ’ व ‘खिळा’ ही महाप्राण ‘ख’ असलेल्या रूपापासून आली असून, दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ चा ‘ळ’ होणे हे मराठीच्या नियमास धरूनच आहे. ‘कील’ मात्र तत्सम रूपात धर्मविधीत टिकला. सप्तशतीच्या पाठापूर्वी अर्गला व कीलक म्हणतात. रामरक्षेच्या आरंभीही कीलकाचा निर्देश आहे. अर्गला म्हणजे दाराची आगळ, कीलक म्हणजे खीळ. मंत्राचे सामर्थ्य एका गुप्त खिळीने बंद केलेले असते आणि ती काढल्याखेरीज ते मोकळे होत नाही, ही कल्पना उघडउघड दाराच्या अनुभवातून आली आहे.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत जोडणाऱ्या वस्तूंची नावे लाक्षणिक अर्थाने वापरली जातात तेव्हा बहुधा अडथळ्याचा अर्थ देतात. कामाला खीळ बसते, वाटेत अडसर येतो, कोणी मध्येच पाचर मारून ठेवतो, कोणी मेख मारतो. त्यांतही ‘मेख’ ला आणखी एक अर्थ आहे : ‘खरी मेख येथेच आहे’ असे म्हणताना बोलणाऱ्याला अभिप्रेत असते ते न दिसणारे मर्म, ज्यावर सारे अडून आहे असे काही. साधी मेख लाकडात अथवा जमिनीत पूर्ण ठोकली की दिसेनाशी होते, पण धरून मात्र तीच ठेवते. या अनुभवाशी तो अर्थ नेमका जुळतो. ‘गुलमेख’ या शब्दाला असा लाक्षणिक अर्थ प्राप्त झालेला नाही. जी वस्तू दर्शनी भागावर फूल होऊन बसली आहे तिच्याविषयी संशय घेण्यास जागा उरत नाही, हे त्याचे कारण असावे. भाषेने लपलेला खिळा व मिरविणारा खिळा यांत केलेला हा विवेक लोहाराच्या विवेकाहून वेगळा नाही. (‘खिळखिळा’ हा शब्द मोहाने येथे ओढून आणू नये. तो ध्वन्यनुकारी दिसतो, आणि ‘सैल खिळ्यांचा तो खिळखिळा’ ही व्युत्पत्ती सांगावयास सोपी असल्यामुळेच संशयास्पद आहे.)

खिळा लपविण्याची देशी रीत नव्हतीच असे मात्र नाही. तिचे सर्वांत परिचित उदाहरण घोड्याच्या नालात आहे. नालाच्या तळाकडील बाजूस दोन्ही अंगांना लांबट खाच पाडलेली असते व भोके त्या खाचेत असतात. खिळ्याचे चौकोनी डोके खाचेत बसते व पृष्ठभागाच्या फारसे वर येत नाही. आले तर पहिल्याच मजलीत झिजून खिळा निकामी होईल. जुना नाल उंबरठ्यावर किंवा चौकटीवर ठोकण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे, आणि काळ्या घोड्याच्या नालाचा संबंध शनीशी जोडला जात असल्यामुळे या जिल्ह्यात तो विशेष परिचयाचा आहे. घडीव लोखंडाची वस्तू घराला जडविण्याचा हा कदाचित सर्वांत साधा प्रकार होय. तेथे कारागिराला निराळी युक्ती करावी लागत नाही, कारण वस्तूच्या घडणीतच खिळ्याची जागा करून ठेवलेली असते. नाल बहुधा खाच वर ठेवून ठोकतात, आणि डोके खाचेत जाते. पण तेथे नालबंदाच्या खिळ्याऐवजी बाजारातील गोल डोक्याचा तारेचा खिळा वापरला, की ते डोके खाचेत मावत नाही आणि ठिगळ लावल्यासारखे दिसते.

लाकडापेक्षा दगडी भिंतीची गोष्ट अवघड. या जिल्ह्यातील बांधकामाचा दगड मुख्यतः काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यात खिळा ठोकता येत नाही. झोपाळ्याचे कडे, दिव्याचा हात किंवा खिडकीचे गज बसवावयाचे असल्यास दगडात भोक कोरतात, आणि ते तोंडाशी अरुंद व आत रुंद ठेवतात. लोखंडाच्या शेपटाला खाचा पाडतात अथवा ते चिरून दुभंगतात. शेपूट भोकात घालून भोवती वितळलेले शिसे ओततात व ते निवल्यावर बोथट छिन्नीने ठोकून घट्ट करतात, कारण शिसे निवताना आकसते. सिंधुदुर्गाच्या पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे वृत्त प्रसिद्धच आहे, तंत्र तेच. आता भोकाच्या कडेला शिशाचे करडे वलय दिसू लागते, आणि ते झाकण्यासाठी मध्ये छिद्र असलेली घडीव फुलाची चकती कड्याच्या दांड्यावर ओवून भिंतीशी टेकवितात. म्हणजे दारावर खिळ्याचे डोकेच फूल झाले, तर भिंतीवर फूल हे झाकण झाले. दख्खनी सुलतानशाहीतील कमानींच्या खांद्यांवर कोरलेली दगडी फुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लोखंडी फूल भिंतीवर उपरे वाटत नाही.

शिसे केवळ पकडीसाठी नसते. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, आणि भोकात कोंडलेला गंज दगडाला आतून फोडतो. शिसे मऊ असल्याने हा दाब काही अंशी सोसते, आणि पाण्याला वाटही देत नाही. याची मोठी साक्ष ग्रीसमध्ये आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात प्राचीन ग्रीकांनी लोखंडी आकडे शिशात बसविले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस बालानोस याच्या देखरेखीखाली जी दुरुस्ती झाली तीत लोखंडी सांधे पुरेशा संरक्षणावाचून घातले गेले. ते गंजून संगमरवराला तडे गेले, आणि पुढच्या पिढीला ते काढून त्यांच्या जागी टायटेनियम वापरावे लागले. लपविलेल्या सांध्याचा धोका हाच आहे, की तो कुजू लागला तरी दिसत नाही. उघडी गुलमेख सैल झाली तर हाताला लागते, गंजली तर लाकडावर तांबडा ओघळ उमटतो. तिची तक्रार ती वेळीच मांडते. आज वाड्यांच्या डागडुजीत भिंतीत विस्तारणारे बोल्ट ठोकून, त्यांवर सिमेंट लिंपून, वरून बीड अथवा पत्रा यांची छापील फुले चिकटविली जातात. ही फुले काही धरीत नाहीत. त्यांना गुलमेख म्हणणे म्हणजे ज्याला अर्थ नाही अशा प्रत्ययाला विभक्ती म्हणणे होय.

भिंतीवरील दिव्याचा उल्लेख आला तेव्हा ‘दिवालगिरी’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. हा शब्द ऐकणाऱ्याला त्यात ‘दिवा’ असल्याचा भास होतो, आणि वस्तूही दिव्याचीच असल्याने तो भास पक्का होतो. प्रत्यक्षात ‘दिवाल’ म्हणजे भिंत (फारसी ‘दीवार’ मधील ‘र’ चा ‘ल’ होऊन), आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. भिंतीला धरून राहणारी ती दिवालगिरी. वस्तू ज्यामुळे टिकून आहे ती भिंतच शब्दातून दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी दिवा दिसू लागला. लोकव्युत्पत्तीचे याहून नेमके उदाहरण वर्गात देण्यास मिळणे कठीण.

कुलूप व बिजागरी यांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. अरबी ‘कुफ्ल’ मधील ‘फ’ व ‘ल’ यांचा व्यत्यय होऊन ‘कुल्फ’ आणि पुढे स्वरागमाने ‘कुलूप’ झाले. बंद साच्यात गोठविलेली कुलफी ही त्याच घराण्यातली. ‘बिजागरी’ पोर्तुगीज ‘बिसाग्रा’ पासून आली आणि ‘ग्र’ हे जोडाक्षर मराठी जिभेने फोडले. ती पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढून आली असली पाहिजे. ‘चावी’ ही तिचीच सोबतीण.

स्क्रूचे आगमन हा खरा कालखंड बदलणारा प्रसंग. टोकदार लाकडी स्क्रू यंत्राने तयार करण्याचे एक महत्त्वाचे पेटंट अमेरिकेत १८४६ मध्ये निघाले, आणि त्यानंतर तो स्वस्त झाला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग अहमदनगरवरून सुरू झाला, तेव्हापासून विलायती खिळे, स्क्रू आणि तयार बिजागऱ्या या भागात सुलभतेने येऊ लागल्या असणार. स्क्रूला जुना मराठी शब्द आहे : ‘मळसूत्र’. तो कोशांत व पाठ्यपुस्तकांत उरला. बोलीने ‘इस्क्रू’ पत्करला. मात्र त्याच्या वेढ्यांना कारागीर ‘आटे’ म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजीने हलविलेला नाही. वस्तूचे नाव परके व तिच्या अवयवाचे देशी, अशी ही विभागणी इतर यंत्रांच्या परिभाषेतही वारंवार दिसते व तिचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

स्क्रू व घडीव लोखंड यांचे दिसणे एकमेकांना मानवत नाही. घडीव वस्तू काळी, किंचित खडबडीत. स्क्रू चकचकीत, त्याच्या डोक्यावर सरळ चीर. यावर लोहाराचे उपाय तीन. वस्तूत भोकाभोवती तिरकी खाच पाडून डोके समतल करणे, हा नालाचाच न्याय. दुसरा, स्क्रूचे डोके ठोकून त्याला पैलू पाडणे, मग तापवून जवसाच्या तेलात बुडवून काळे करणे. यासाठी स्क्रू साधा असावा लागतो, कारण जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू भट्टीत घातला तर त्याचा धूर अपायकारक असतो. तिसरा उपाय म्हणजे घडीव टोपी वर बसविणे. यांतील दुसरा उपाय सर्वांत प्रामाणिक म्हणता येईल : तो स्क्रूला खिळ्याचे सोंग देत नाही, शेजारच्या लोखंडाच्या रंगास आणतो इतकेच.

परिभाषेच्या संग्राहकाने या क्षेत्रात काय विचारावे हेही यावरून ठरते. ‘याला काय म्हणतात?’ असे दाराच्या तोंडाकडे बोट दाखवून विचारल्यास उत्तर बहुधा ‘खिळा’ किंवा ‘फूल’ इतकेच मिळते. दाराच्या पाठीला उभे राहून विचारले तर दुमडलेल्या टोकाचे, आडपट्टीचे, चकतीचे आणि ठोकण्याच्या क्रमाचे शब्द निघतात. गावातील स्थायिक लोहार आणि फिरते घिसाडी यांची शब्दावली निरनिराळी असणे संभवते. दोन्ही स्वतंत्र नोंदवावी. नोंदीत लिंग व अनेकवचन असावे. मेख स्त्रीलिंगी, खिळा पुल्लिंगी. लहान खिळ्याला ‘चूक’ म्हणतात तीही स्त्रीलिंगी, आणि वस्तू लहान झाली की लिंग बदलते ही मराठीची सामान्य प्रवृत्ती येथे कितपत लागू पडते ते नमुने जमल्याखेरीज सांगता येणार नाही.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे या संग्रहाचे एक उलटे टोक सापडते. घरांना दारे व कुलपे नसण्याची त्या गावची परंपरा सर्वश्रुत आहे. २०११ मध्ये तेथे उघडलेल्या बँकेच्या शाखेनेही दाराला कुलूप न लावण्याचे ठरविले होते. जेथे चौकट आहे पण कवाड नाही, तेथे कडी, कोयंडा, आगळ व गुलमेख हे शब्द लोकांच्या बोलण्यात कोणत्या वस्तूंसाठी उरतात, केवळ म्हणीत आणि लाक्षणिक अर्थाने की बैलगाडी, पेटी व देव्हारा यांच्या निमित्ताने, हे तेथील वृद्धांकडून ऐकून लिहून घेण्यासारखे आहे.